चाकाचा ताळा

आमच्या घरात ‘ट्रॅक्शन’ हा शब्द पहिल्यांदा आला तो दवाखान्यातून. आजोबा पावसाळ्यात अंगणात घसरून पडले आणि मांडीचे हाड मोडले. त्यांच्या पायाला दोरी बांधून, ती कप्पीवरून घेऊन, टोकाला वजन लटकावून त्यांना कित्येक दिवस पाठीवर निजवून ठेवले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण त्या दोरीकडे बघून विचारायचा, “हे काय हो?” आजी सांगायची, “ट्रॅक्शन म्हणतात त्याला. पाय ओढून धरलाय.”

ओढून धरलाय. दोन क्रियापदांचे ते उत्तर मी विसरून गेले होते. गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला तेव्हा ते आठवले. ती कोल्हापुरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती आणि तिचे तीन मित्र मिळून एका जुन्या छोट्या मोटारीवर स्वतःच्या हातांनी ट्रॅक्शन कंट्रोल बसवत होते. चिखलात किंवा ओल्या चढावर चाक जागच्या जागी गरगरू लागले की इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी ही यंत्रणा.

“मावशी, अहवालाला मराठी सारांश जोडायचाय. ट्रॅक्शन कंट्रोलला काय लिहू? कोशात ‘कर्षण नियंत्रण’ मिळालं. आमच्या लेथवाल्या काकांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, हे शेतीखात्याचं हाय काय?”

काकांचा कान पक्का आहे. ‘कर्षण’ आणि ‘कृषी’ हे शब्द एकाच धातूचे. कृष्‌ म्हणजे ओढणे. नांगर ओढायचा म्हणून कृषी. ज्याला देवकीच्या उदरातून रोहिणीच्या उदरात ओढून नेले तो बलराम म्हणजे संकर्षण, आणि त्याच्या खांद्यावर नांगरच आहे. आपल्याकडे ओढते ते आकर्षण, वर ओढला जातो तो उत्कर्ष, खाली ओढला जातो तो अपकर्ष, आणि पुष्कळ बोलण्यातून बाहेर ओढून काढलेले सार म्हणजे निष्कर्ष.

लॅटिनमधला ‘त्राहेरे’ हा धातू कृष्‌चा नातेवाईक नव्हे, पण तो नेमका याच वाटेने चालत गेला. त्याचाही अर्थ ओढणे. त्याच्यापासून अॅट्रॅक्शन, म्हणजे आकर्षण. एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे निष्कर्षच. ओढत नेली जाणारी माळ म्हणून ट्रेन; हा शब्द फ्रेंचमधून आला आणि आगगाडीच्या कितीतरी आधी तो झग्याच्या जमिनीवर लोळणाऱ्या घोळाला लावत. ओढणारा तो ट्रॅक्टर. म्हणजे शेतात ट्रॅक्टर चालतो तेव्हा लॅटिनमधला ‘ओढणारा’ संस्कृतमधले ‘ओढण्याचे काम’ करत असतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता ओढण्याच्या एका कृतीतून आपापली शेती, आपापले प्रेम आणि आपापला तर्क उभा केला. मराठीने तर संस्कृतकडेही न जाता तेच केले. दोरीला ओढ असते आणि माहेरचीही ओढच असते.

तेव्हा ‘कर्षण’ हा शब्द चुकीचा मुळीच नाही. रेल्वेच्या हिंदी कारभारात तो रोज वापरला जातो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती ज्या व्यवस्थेवर धावली तिला रेल्वे ‘विद्युत कर्षण’ म्हणते. तिथे तो शोभतो, कारण तिथे खरोखर कोणीतरी पुढे असतो आणि मागचे ओढत नेतो. मोटारीत मात्र कोण कोणाला ओढतो? हा प्रश्न मी भाचीला विचारला, आणि इथून आमच्या गप्पा शब्दकोश सोडून चाकाकडे वळल्या.

बैलगाडीत ओढणारा एक आणि फिरणारे दुसरे. ओढतो बैल; चाक नुसते मागून येते. जमीन धरायची ती बैलाच्या खुरांनी, म्हणून नालबंद खुरांना पत्री ठोकतो. चाकाने काही धरायचे नसते, त्याने फक्त सुरळीत फिरायचे. चाकाच्या अवयवांची नावे पाहिली तरी हे कळते. मधे तुंबा, तुंब्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर पाटे आणि पाट्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव. जमिनीला टेकणाऱ्या पट्टीला मराठी माणसाने थेट धावण्याचेच नाव दिले. इंग्रजीने त्याच पट्टीला टायर म्हटले. ‘अटायर’ म्हणजे पोशाख, त्यावरून हा शब्द आल्याचे मानतात. तिकडे चाकाचा अंगरखा, इकडे चाकाची धाव. मधला आख हा संस्कृत ‘अक्ष’, आणि इंग्रजी अॅक्सल त्याचा दूरचा भाऊ. चाक हे ‘चक्र’, आणि इंग्रजी व्हील त्याचेच भावंड. गाड्या वर्षानुवर्षे एकाच जागेवरून गेल्या की जमिनीत दोन खोल रेघा पडतात, ती चाकोरी. या सगळ्या शब्दांत फिरणे आहे, धावणे आहे, रेघ उमटवणे आहे. पकडणे कुठेच नाही.

गाडी अडली तर काय म्हणतो? चाक रुतले, फसले, खचले, अडकले. हे सगळे न फिरणाऱ्या चाकाचे शब्द. आपल्या कथांतले सर्वांत प्रसिद्ध अडलेले चाक कर्णाच्या रथाचे. ते पृथ्वीने गिळले, आणि कर्ण खाली उतरून ते हाताने उपसू लागला. ते चाक गरगर फिरून, स्वतःच खड्डा खणून खाली गेलेले नव्हते. तसे होणे शक्यच नव्हते, कारण त्या चाकाला फिरवणारे कोणी नव्हते. रथ घोडे ओढत होते. कुंभाराचे चाक जागच्या जागी फिरते खरे, पण त्याला कुठे जायचेच नसते. रस्त्यावर आहे, फिरतही आहे आणि तरी तसूभर पुढे सरकत नाही, असे चाक आपल्या भाषेने आगगाडीच्या इंजिनाआधी आणि मोटारीआधी पाहिलेलेच नव्हते.

आगगाडीत ते लगेच दिसले. पोलादी रुळावर पोलादी चाक, त्यात पाऊस आणि घाट. कसारा ते इगतपुरी किंवा कर्जत ते लोणावळा या घाटांत ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. तिथे इंजिनाचे चाक फिरते पण गाडी हलत नाही, अशी वेळ आली की ड्रायव्हर चाकापुढे रुळावर वाळू सोडतो. जगभरच्या रेल्वे इंजिनांवर त्यासाठी वाळूची पेटी असते. चाकाला जमीन धरायला लावण्याचा याहून साधा उपाय नाही.

मोटार आली तेव्हा बैल आणि चाक एक झाले. आता ओढायचेही चाकानेच आणि फिरायचेही चाकानेच. खुराचे काम चाकाकडे आले आणि त्याबरोबर खुराचा धोकाही आला. या नव्या अनुभवाला नवा शब्द हवा होता. तो कोणत्याही समितीने दिला नाही. गॅरेजमध्ये तयार झाला. “चाक स्लिप मारतंय.”

हा शब्द मला फार आवडतो, आणि तो उसना म्हणून हिणवणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. ‘मारणे’ हे मराठीचे जुने, राबणारे क्रियापद आहे. आपण हाक मारतो, उडी मारतो, फेरी मारतो, गप्पा मारतो. त्याच हाताने मराठीने मोटार उचलली आणि किक मारली, सेल्फ मारला, हॉर्न मारला, ब्रेक मारला. ‘स्लिप मारणे’ त्याच पंगतीत बसते.

“पण ‘घसरणे’ काय वाईट आहे?” भाचीने विचारले. वाईट काहीच नाही, पण ते निराळे आहे. घासणे, घसटणे, घसरणे या शब्दांत एकच घर्षणाचा आवाज ऐकू येतो. मात्र घसरणारी वस्तू जागा बदलते. माणूस घसरतो, दरड घसरते, भाव घसरतात, जीभ घसरते. जिथे असायला हवे तिथून सगळे खाली किंवा बाजूला जातात. ‘निसरणे’ तसेच. ते संस्कृत निस्‌ आणि सृ यांतले, म्हणजे बाहेर सरकणे. ‘संसार’ याच सृ धातूचा, सतत सरकत राहणारा. निसरड्या वाटेवर पाय आपल्या ताब्यातून बाहेर सरकतो. स्लिप मारणारे चाक मात्र कुठेही सरकत नाही. जागा सोडायला हवी होती आणि सोडली नाही, ही त्याची तक्रार. ‘चाक घसरले’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आडवी गेलेली मोटार येते. ‘चाक स्लिप मारतंय’ म्हटले की चिखल उडवत जागीच उभी असलेली मोटार येते. गॅरेजने हे दोन प्रसंग दोन शब्दांनी वेगळे ठेवले. शब्द घडवणाऱ्याला याहून जास्त काय करायचे असते?

या स्लिपला मोजमाप आहे, हे भाचीने मला वहीत लिहून दाखवले. समजा मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने पुढे जाते आहे. या मोटारीत इंजिन फक्त पुढची चाके फिरवते. मागच्या चाकांना इंजिनाचा हात लागलेला नाही, त्यामुळे ती ३६ च्याच वेगाने फिरतात. पुढची चाके मात्र ४५ च्या वेगाने फिरत आहेत. फरक ९. त्याला ४५ ने भागले की ०.२०, म्हणजे २० टक्के स्लिप. पुढच्या चाकाच्या दर पाच फेऱ्यांतली एक वाया.

“मग स्लिप शून्य करायची?” मी विचारले.

“नाही मावशी. शून्य स्लिप असेल तर चाक ओढतच नाही. टायरचं रबर जरा दबून, जरा मागे सरकूनच रस्ता धरतं. कोरड्या डांबरावर साधारण दहा ते वीस टक्क्यांच्या मधे पकड सगळ्यांत जास्त असते. त्याच्या पुढे गेलं की सुटत जाते.”

म्हणजे थोडे सुटल्याशिवाय धरता येत नाही आणि फार सुटले की धरलेलेही जाते. इथे मला नावातली गंमत कळली. इंग्रजी म्हणते ट्रॅक्शन कंट्रोल, पण पकड कोणाच्या ताब्यात असते? ती रस्त्याची आणि टायरची. डांबर आहे की शेवाळ, हे इंजिन ठरवत नाही. आपल्या हातात असते ती फक्त स्लिप. जर्मन लोकांनी हे ओळखून नाव ठेवले. बॉश कंपनीने १९७८ मध्ये मर्सिडीझ-बेंझसाठी ब्रेकच्या वेळी चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा दिली. तिचेच पुढचे पाऊल म्हणून १९८० च्या दशकात आली ती ‘आंट्रीब्स-श्लुप्फ-रेगेलुंग’, थोडक्यात एएसआर. आंट्रीब म्हणजे चाकाला मिळणारा रेटा, श्लुप्फ म्हणजे स्लिप, आणि रेगेलुंग म्हणजे सतत पाहून सरळ करत राहणे. ‘रेगेलुंग’चे मूळ लॅटिन ‘रेगुला’त, आणि आपला ‘ऋजु’ त्याच कुळातला. इंग्रजीने हव्या असलेल्या गोष्टीचे नाव दिले. जर्मनने ज्या गोष्टीवर हात ठेवायचा तिचे.

आता मुलांच्या खटपटीकडे. ‘खटपट’ हा शब्दही आवाजातून आलेला. खट केले, पट केले, काहीतरी जुळवले, काहीतरी उघडले. घरी बसून स्वतःच्या हातांनी यंत्र घडवणाऱ्याला मराठीत खटपट्या म्हणतात आणि त्यात कौतुक असते. ट्रॅक्शन कंट्रोलच्या बाबतीत या खटपटीला चांगला वारसा आहे. अमेरिकेत ब्यूइकने १९७१ मध्येच ‘मॅक्सट्रॅक’ नावाची यंत्रणा काही मोटारींवर दिली होती. पुढच्या मोकळ्या चाकाचा वेग आणि मागच्या चाकांकडे जाणारा वेग यांत फार फरक पडला की ती इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडायची. पुढे २००१ च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट नावाचा इंजिन चालवणारा छोटा संगणक असा तयार केला की कोणीही हौशी माणूस घरी सुटे भाग डाग देऊन तो जुळवू शकेल. जे कारखान्याच्या भिंतीआड होते ते टेबलावर आले.

भाचीच्या जुन्या मोटारीला एबीएस नव्हते, म्हणून चाकांचा वेग मोजणारे काहीच नव्हते. ते आधी करावे लागले. प्रत्येक चाकाबरोबर फिरणारी एक दातेरी पोलादी चकती आणि तिच्यासमोर स्थिर बसवलेला एक चुंबकी सेन्सर. दाता समोरून गेला की सेन्सर एक ठोका देतो. मुलांनी जुळवलेल्या छोट्या संगणकाच्या डब्याने हे ठोके मोजले की वेग कळतो. चकतीला ४८ दाते. चाकाचा परीघ १ मीटर ८० सेंटिमीटर धरला, तर ताशी ३६ किलोमीटरला सेकंदाला सुमारे २६७ ठोके पडतात.

या चकत्या कापल्या जात होत्या तेव्हा मी उद्यमनगरातल्या त्या छोट्या वर्कशॉपमध्ये उभी होते. काकांनी चकती मिलिंग मशीनवरच्या डिव्हायडिंग हेडला बांधली होती. त्या यंत्राचा दांडा ४० वेळा फिरवला की चकती एकदा फिरते. दाते ४८ हवेत, म्हणजे प्रत्येक दात्यामागे दांडा एका फेरीच्या पाच-षष्ठांश फिरला पाहिजे. काकांनी १८ भोकांचे वर्तुळ निवडले. प्रत्येक कापानंतर पिन उचलायची, १५ भोके मोजायची, पिन बसवायची, पुन्हा काप. तेलाचा वास, कात्रीसारखा बारीक आवाज आणि चांदीच्या सालींसारखा पडणारा कीस. मधे कोणी बोलले की काका हात वर करून गप्प करायचे, कारण मोजणी चुकली की चकती गेली.

शेवटचा काप झाला. त्यांनी पिन आणखी १५ भोके पुढे नेली, कापणारे पाते हळूच खाली आणले, आणि ते अलगद पहिल्याच खाचेत जाऊन बसले. काकांनी मान वर केली. “ताळा जमला.”

मी फोनवर भाचीला जो शब्द देऊ शकले नव्हते, तो तिथे हवेत पडला होता.

ताळा म्हणजे हिशेब बरोबर आहे की नाही, हे दुसऱ्या वाटेने जाऊन पाहणे. आम्हाला शाळेत गुणाकाराचा ताळा शिकवला होता. २३ गुणिले १४ म्हणजे ३२२. आता २३ मधले अंक मिळवा, ५. १४ मधले मिळवा, ५. पाच पाचे पंचवीस, दोन आणि पाच सात. इकडे ३२२ मधले अंक मिळवले तरी सात. ताळा जमला. वर्षाच्या शेवटी व्यापारी काढतो तो ताळेबंद. दोन कामांचे परस्परांशी जुळणे म्हणजे ताळमेळ. आणि उधळलेला माणूस शहाण्यासारखा वागू लागला की आपण म्हणतो, “आला बाबा ताळ्यावर.” हिशेब पाहणे आणि आवरले जाणे हे दोन अर्थ मराठीने एकाच शब्दात ठेवले. जो आपला हिशेब दुसऱ्या हिशेबाशी लावून बघतो तोच आवरात राहतो, अशी ती समजूत.

आता ‘कंट्रोल’ पाहा. मध्ययुगात युरोपातला खजिनदार जमाखर्च गुंडाळीवर लिहायचा. त्याच्यावर भरवसा ठेवावा, पण एकट्यावर नको, म्हणून दुसरा कारकून त्याच जमाखर्चाची दुसरी गुंडाळी ठेवायचा. मग दोन्ही समोरासमोर उलगडून जुळवायच्या. त्या दुसऱ्या गुंडाळीला लॅटिनमध्ये म्हणत ‘कोंत्रा-रोतुलुस’, म्हणजे समोरची गुंडाळी. फ्रेंचमधून घासत घासत तिचे ‘कंट्रोल’ झाले. म्हणजे या शब्दाचा पहिला अर्थ लगाम नाही, चाप नाही, हुकूम नाही. पहिला अर्थ ताळा आहे.

मराठीत ‘ताळा’च्या शेजारी ‘पडताळा’ उभा आहे. पडसाद, पडछाया या शब्दांत ‘पड’ म्हणजे प्रति: उलटून आलेला साद, समोर पडलेली छाया. पडताळ्यातला ‘पड’ मला त्याच घरचा वाटतो, समोर ठेवलेला ताळा. काही जण त्याचा संबंध ‘परितोलना’शी, चहूकडून तोलून पाहण्याशी जोडतात. कोणतीही वाट धरली तरी आपण समोरासमोरच्या दोन मोजमापांपाशी येतो. आणि ही रीत आपल्याकडे कारभारातही होती. शिवकाळात गड एकाच्या हाती सोपवलेला नसे. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि दप्तर, कारखानिसाकडे धान्य आणि सामग्री. एकाचा कागद दुसऱ्याच्या कागदाशी जुळला पाहिजे. कोंत्रा-रोतुलुस आमच्या गडांवर वेगळ्या नावाने नांदत होते.

अजून एक पायरी खाली उतरते. ‘रोतुलुस’ म्हणजे गुंडाळी, पण शब्दशः छोटे चाक. लॅटिन ‘रोता’ म्हणजे चाक, आणि आपला ‘रथ’ त्याच ‘रोता’चा भाऊ. तेव्हा कंट्रोल हा शब्द पार सोलला तर आत निघते ते ‘समोरचे चाक’. भाचीच्या मोटारीत नेमके हेच आहे. पुढचे चाक इंजिनाचे, त्याला जोर आहे, म्हणून ते खोटे बोलू शकते. न गेलेला रस्ता गेलो म्हणून सांगू शकते. मागचे चाक बैलगाडीच्या चाकासारखे. त्याला कोणी फिरवत नाही, ते नुसते ओढले जाते, म्हणून जेवढा रस्ता गेला तेवढाच ते सांगते. एक जोराची वही, एक रस्त्याची वही. दोन्ही समोरासमोर ठेवायच्या आणि ताळा पाहायचा.

ताळा सोपा नसतो, हे मुलांनी अनुभवले. पुढचे टायर झिजलेले असले तर त्यांचा घेर कमी, ते थोडे जास्त फिरतात आणि संगणकाला नसलेली स्लिप दिसते. म्हणून चारही टायर सारख्या मापाचे आणि सारख्या हवेचे घ्यावे लागले. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात; तिथेही खोटा फरक दिसतो. त्यासाठी मागच्या दोन चाकांच्या आपापसातल्या फरकावरून वळण ओळखायचे आणि तेवढी सूट द्यायची. वेग अगदी कमी असला, ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, तर दोन ठोक्यांमध्ये सुमारे ३९ मिलिसेकंद जातात. संगणकाच्या दृष्टीने ते फार लांबचे अंतर. जागेवरून निघताना तर मागचे चाक स्थिरच असते. तिथे त्यांनी नियम केला, की मागचे चाक बोलेपर्यंत पुढच्याने ताशी ८ किलोमीटरच्या वर जायचे नाही. सेन्सर आणि दाता यांतली फट एक मिलिमीटरची. फीलर गेजची पाती घालून ती चारही चाकांवर जुळवताना भाचीच्या बोटांची सालटी निघाली.

ताळा पाहून झाला, चूक सापडली. मग? इथे ‘नियंत्रण’ कामाला येते, आणि मला त्या शब्दाचीही बाजू घ्यायची आहे. यम्‌ म्हणजे आवरून धरणे. त्यातून यम, नियम, संयम. घोड्यांना आवरून धरणारा सारथी तो ‘यन्ता’. आणि ज्या साधनाने आवरायचे ते ‘यंत्र’. आज यंत्र म्हटले की आपल्याला धडधडत काम करणारे काही दिसते, पण वेदांतल्या यंत्राचे काम धरून ठेवण्याचे होते. आजीचे दुसरे क्रियापद हेच. पाय नुसता ओढला नव्हता, ओढून धरला होता. मराठीत धरणे किती ठिकाणी येते: झाड मूळ धरते, पाऊस जोर धरतो, माणूस तग धरतो, चांगली मोटार रस्ता धरून चालते. आणि जिला धरायचे तिचे नाव धरणी.

मुलांनी धरण्याचा उपाय नम्र निवडला. ब्रेकला हात लावायचा नाही. स्लिप ठरवलेल्या आकड्यापुढे गेली की चार इंजेक्टरांपैकी एकाचे पेट्रोल एका फेरीपुरते थांबवायचे, जास्त गेली तर दोघांचे. ठिणगी तोडली नाही, कारण मग न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि तो तापून खराब होतो. त्यांचा डबा बंद पडला तर मोटार पूर्वीसारखीच चालली पाहिजे, अशी तारांची जोडणी. आणि चाचणी फक्त कॉलेजच्या आवारात, सार्वजनिक रस्त्यावर नाही. जो दुसऱ्याचा जोर आवरायला निघाला त्याने आधी स्वतःला आवरावे, हे ‘संयम’ आणि ‘यंत्र’ यांच्या एका धातूत आहेच.

यन्ता कोण, हा वाद मोठ्या मैदानांवरही झाला. फॉर्म्युला वनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल १९९४ पासून बंद केले, २००१ मध्ये पुन्हा चालू दिले आणि २००८ पासून परत बंद केले. शर्यतीत जोर आवरण्याचे कसब ड्रायव्हरच्या पायाचे असावे, ही त्यामागची धारणा. पावसात मुलाबाळांना घेऊन घाट चढणाऱ्या माणसाला मात्र दुसरी वही ठेवणारा कोणी असलेला बराच.

चाचणीच्या दिवशी मी गेले. कॉलेजच्या मागे तांबड्या मातीची छोटी चढण आहे. रात्रभर पाऊस पडून तिथे राडा झालेला. भांडणाला आपण राडा म्हणतो तो नंतरचा; मूळचा राडा हा असा, पाय ठेवला की पचकन आत घेणारा. पहिल्यांदा डबा बंद ठेवून मोटार चढवली. पुढची चाके भिरभिरली, चिखलाचे दोन पिसारे उडाले, रबराचा वास आला आणि मोटार जिथल्या तिथे. चाके स्वतःचे खड्डे स्वतःच खणत होती. ढकलून तिला खाली आणले. मग बटण दाबून डबा चालू केला. या वेळी इंजिनाचा आवाज चढला आणि लगेच अडखळला. फट्‌, फट्‌, जणू कोणी त्याला मधे मधे थांबवून विचारत होते. चाके फिरत होती, पण भिरभिरत नव्हती. मोटार हळूहळू, वीतभर वीतभर, त्या राड्यातून वर गेली. पोरे ओरडत होती. काका काही न बोलता चाकाकडे बघत होते.

संध्याकाळी भाचीने लॅपटॉपवर नोंदी उघडल्या. दोन रकाने, हजारो ओळी. डावीकडे पुढच्या चाकांचे आकडे, उजवीकडे मागच्यांचे. जमा आणि खर्च मांडावे तसे. तिने तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर ‘स्लिप’ लिहिले होते. ते तसेच राहू दे, असे मी सांगितले. तो गॅरेजचा शब्द आहे आणि खरा आहे. सारांशाचे पहिले वाक्य मात्र आम्ही दोघींनी मिळून लिहिले: ‘ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे ओढणाऱ्या चाकाचा मोकळ्या चाकाशी ताळा पाहून इंजिनाचा जोर आवरणारी यंत्रणा.’

परिभाषा घडवताना आपण बहुधा परकी संज्ञा समोर ठेवतो आणि तिचा एकेक तुकडा संस्कृतात बदलतो. कंट्रोलला नियंत्रण, ट्रॅक्शनला कर्षण. तुकडे बरोबर असतात, पण काम त्यांच्या मधल्या फटीतून निसटते. काम करणारा माणूस काय बोलतो हे आधी ऐकले, तर शब्द पुष्कळदा त्याच्या तोंडात तयारच असतो.

दुसऱ्या दिवशी भाचीने ते वाक्य काकांना वाचून दाखवले. ते पट्ट्यावर हात पुसत होते. “मग असं सांगायचं की,” ते म्हणाले, आणि पुढची चकती मशीनला बांधू लागले.